झडप शिवल्यानंतर

प्रिय चिमे,

आई बरी आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पत्र बघून तू घाबरायचीस. काल ती मध्ये कुठेही न टेकता तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली आणि दारातच शेजारणीला म्हणाली, "धाकटीनं धीर दिला म्हणून वाचले." मी तिच्या मागे भाजीची पिशवी घेऊन उभी होते.

तू दिलेला धीर मला ठाऊक आहे. हृदयाची झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं, म्हणून धाप लागते, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी तिला चित्र काढून समजावलं होतं. छाती उघडायची नाही. बरगड्यांमधून बोटभर छेद, त्यातून कॅमेरा आणि बारीक हत्यारं. झडप तिचीच ठेवायची, फक्त शिवून भोवती एक कडं बसवायचं. ती तयार झाली होती. त्याच संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, या वयात कशाला कापाकापी. झालं. तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढे कित्येक महिने ती उशांना टेकून बसल्या बसल्या झोपली. पाय सुजले. मी मधल्या सुट्टीत शाळेतून धावत घरी येऊन तिला जेवायला घालायचे. मग तुझ्या मैत्रिणीच्या सासूचं हेच ऑपरेशन झालं आणि तू म्हणालीस, करून टाक गं आई. बाई लगेच तयार.

ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर मी एकटीच होते. मीटिंगमध्ये आहे, कळव, असा तुझा मेसेज आला. शुद्धीवर आल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "चिमी आली?" वाटेत आहे, म्हटलं. काय सांगणार होते?

परवा डॉक्टरांनी तपासलं. झडप उत्तम चालतेय, प्रवासालाही हरकत नाही म्हणाले. घरी येताच आईनं कपाटावरची बॅग काढायला लावली. आता मी कुणाला जड नाही, आता चिमीकडे राहायला जाते, म्हणाली. म्हणजे माझ्याकडे ती नुसती आजारपण काढायला होती. मला लागलं, पण तिच्या कपड्यांच्या घड्या मीच घातल्या. तिनं तुला फोन केला, तू "बघू" म्हणालीस. तेवढ्या "बघू"वर ती शेजारपाजाऱ्यांचा निरोप घेऊन आली.

आणि मला तुझा मेसेज: ताई, यांना चालणार नाही, घरात जागाही नाही, डॉक्टर प्रवास नको म्हणाले असं तूच सांग ना.

नाही सांगणार. तिचं मीठ मी बंद केलं, कडू औषधं मी पाजली, तिची बोलणी मी खाल्ली; तुझ्या वाटणीचा वाईटपणाही मीच घ्यायचा? डॉक्टर हो म्हणालेत, चिमे. नको कोण म्हणतंय ते तिला तूच सांग. फोनवर नाही. इथे ये, तिच्यासमोर बस आणि सांग.

काही झालं तरी तुझीच,
ताई