चष्मेवालीचं पुढे काय झालं

३ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

फोन उचलत नाही म्हणून रागावलीस. अगं, फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरतो. त्यापेक्षा पत्र बरं. कागदावर तू कितीही ओरडलीस तरी गोड वाटतेस.

डोळ्यांचं विचारलं होतंस. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं नळांचे नकाशे काढले, त्यात डोळे गेले. म्हणून कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकान एका बाईचं आहे. नवरा गेल्यापासून एकटी चालवते, डोळेही स्वतःच तपासते. नाकावर ती जड फ्रेम ठेवून एकेक काच घालते, काढते आणि विचारते, हे बरं की ते बरं. खारू, तुझी वहिनी जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मला काय बरं वाटतं हे कुणी इतक्यांदा विचारलं नव्हतं. तक्त्यावरची अक्षरं राहिली बाजूला, मी आपली शाळेतली पाखरांची कविता म्हणू लागलो. तिने शांतपणे दिवा लावला आणि अजून किती कडवी आहेत म्हणून विचारलं.

महिन्याभरात तीनदा गेलो, नंबर चुकलाय म्हणत. तिसऱ्यांदा ती म्हणाली की नंबर तसूभरही हललेला नाही, चहा हवा असेल तर सरळ मागावा, उगाच काचांना बदनाम करू नये. मी मागितला.

हसू नकोस. हसलीस तर कळव.

गुडघ्यांना जप, आणि या म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसले. एकटीच नाही, सगळं घर हसलं. चहाच्या वेळी तुझं पत्र मोठ्याने वाचलं, बाबा वाचायचे तसंच. आपल्या घरात पाकीट एकाच्या नावाचं असतं, फोडलं की पत्र सगळ्यांचं. सूनबाईला ते कडव्यांचं फार आवडलं. बाबूने तर ते पान मागून घेऊन पुन्हा वाचलं. त्याचं तुला ठाऊकच आहे. लेक माझा सिनेमे लिहितो, पण मागचे दोन्ही पडले, आणि आता दिवसभर गच्चीत येरझाऱ्या घालतो. कितीतरी दिवसांनी त्याला हसताना पाहिलं. मामाला म्हणावं लांबलचक लिही, असा त्याचा निरोप आहे.

तेव्हा चष्मेवालीचं सगळं सविस्तर येऊ दे. दिसते कशी, बोलते कशी, चहात साखर किती घालते. आणि या वयात जरा दात सांभाळून हसत जा.

तुझ्या लाडांनी बिघडलेली,
खारू


२६ एप्रिल

चि. खारूस,
अ. उ. आ.

साखर दीड चमचा. बाकीचं आज लिहितो, कारण काल तिने जे सांगितलं ते ऐकल्यापासून मी जमिनीवर नाही.

नवरा वाईट नव्हता. पीत नव्हता, हात उगारत नव्हता. फक्त ती काही बोलली की तेच वाक्य गिऱ्हाइकासमोर दुरुस्त करून पुन्हा म्हणायचा. सव्वीस वर्षं तिला गल्ल्यावर बसवलं, तपासणीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. बाईचा हात कापतो म्हणे. तो गेला त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर ती खाली दुकानात आली. सगळे दिवे लावले. आरशासमोर उभी राहून एकेक फ्रेम लावत गेली आणि हसत सुटली, गुणगुणायला लागली. मग त्या खोलीत जाऊन त्याच्या खुर्चीवर बसली आणि समोरचा तक्ता मोठ्याने वाचला, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. ती ओळसुद्धा मी सोबतच्या चिठ्ठीवर उतरवून पाठवतोय, बघ कशी कवितेसारखी वाटते. त्या वेळी वरच्या मजल्यावर मुलगा बापासाठी रडत होता.

हे कुणाला सांगायचं नाही असं तिने बजावलंय. पण तू काय ‘कुणी’ आहेस?

आणखी एक. आम्ही नोंदणी करून लग्न करायचं म्हणतोय. मुलगा वर्षभरासाठी परगावी कामाला गेलाय. तो आला की त्याला समोर बसवून ती आमचं सांगणार. त्या संध्याकाळचं मात्र कधीच नाही. बाप म्हणजे त्याचा देव. आणि मुलगा लग्नाला नको म्हणाला तर नको, हेही तिने स्पष्ट केलंय. मी मात्र आतापासून तिच्याकडच्या भिंतीवर माझ्या वह्या-पुस्तकांसाठी एक फळी ठोकायची जागा बघून ठेवली आहे.

शहाणपण शिकवू नकोस, नुसती खूश हो.

तुझा दादा


९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वर्ष कसं गेलं कळलं नाही. बातमी गोड आहे. बाबूचा नवा सिनेमा लागला. म्हातारपणी प्रेमात पडलेल्या दोघांची धमाल गोष्ट आहे. लोक रांगा लावताहेत, बाबू पुन्हा माणसांत आला, आणि मी शेजारणींसमोर मान ताठ करून चालते.

सोबत तीन पास आहेत. तू, चष्मेवाली आणि तिचा मुलगा परतला असेल तर तोही. काही ओळखीचं दिसलं तर रागावू नकोस, भाच्याने केलेले लाड समज. शेवटी दोघांचं लग्न होतं, एवढं आधीच सांगून ठेवते.

तुझ्या शाबासकीची वाट बघणारी,
खारू


२१ जून

चि. खारूस,

आशीर्वाद. पास मिळाले, आम्ही तिघं गेलो. मुलगा आठ दिवसांपूर्वीच परतला होता. माझ्याशी बरा वागत होता, दोनदा काकासुद्धा म्हणाला. रविवारी ती त्याला आमचं सांगणार होती.

सुरुवातीलाच नायकाने चष्म्याच्या दुकानात कविता म्हटली आणि नायिकेने अजून किती कडवी म्हणून विचारलं. ती माझ्याकडे वळून हसली. तिला वाटलं मी काहीतरी गंमत घडवून आणली आहे. आणि खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटला. आमचं बोलणं अख्खं थिएटर ऐकत होतं.

मध्यंतरानंतर तो आरसा आला. नायिका फ्रेमा बदलत नाचते, मागे बँड वाजतो, शेवटी शिंगांसारखी गुलाबी फ्रेम लावून ती नवऱ्याच्या आवाजाची नक्कल करते. माणसं खुर्च्यांवर हात आपटून हसत होती. तिचा मुलगाही हसत होता. मग नायिका खुर्चीवर बसून तक्ता वाचू लागली आणि त्याचं हसणं थांबलं. शेवटची ओळ त्यांच्याच दुकानातली होती, अक्षर न् अक्षर. लहानपणापासून त्याला ती पाठ आहे.

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि संपेपर्यंत तशीच बसून राहिली. बाहेर आल्यावर मुलाने एकच विचारलं.

“आई, हे खरं आहे?”

ती हो म्हणाली. दोघं टॅक्सीत बसून गेली. मला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

खारू, तेही पत्र वाचून दाखवलंस? मी ‘कुणाला सांगायचं नाही’ असं लिहिलं होतं, ते वाक्यही मोठ्याने वाचलंस का?

दादा


२ जुलै

सप्रेम नमस्कार,

तुमची चार पत्रं पोचली. चारींतही तुम्ही बहिणीला आणि भाच्याला दोष दिला आहे. मी त्यांना ओळखत नाही, त्यांच्यावर कशाला रागावू? मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही घरी जाऊन लिहायला बसलात. मला वाटतं, मी बोलत होते तेव्हाच तुमच्या मनात वाक्यं जुळत होती.

सिनेमात ती बाई गुणगुणते. मी गुणगुणले नव्हते. ते तुम्ही घातलेलं असणार.

मुलगा माझ्याशी बोलत नाही. यापुढे डोळे तोच तपासणार आहे, मी गल्ल्यावर बसते. तुमच्या-माझ्याबद्दल त्याच्यापाशी काही काढलं नाही, काढणारही नाही. तुमचा नंबर सोबत लिहून पाठवते. कुठल्याही दुकानात चालेल.

आपली प्रकृती जपावी. उत्तर नको.

कळावे.


१८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन महिने तुझं अक्षर नाही. किती दिवस धरून बसणार? मी वाचून दाखवलं, हो. बाबांनीही तुझी वसतिगृहातली रडकी पत्रं सगळ्यांसमोर वाचलीच होती, तेव्हा तू कधी असं तोंड फिरवलं नाहीस. आणि बाबूने तुझं काही वाईट केलं का? तुला त्याने नायक केलं. आता तिचा मुलगा तिथे नेमका हसायचा थांबला, त्याला मी काय करणार?

माझ्या लेकराला तू गच्चीच्या कठड्याला टेकून उभा पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय. तुझ्या पत्रांनी तो खाली आला. मला पुन्हा निवड करायला सांगितलीस तरी मी वाचीनच, हे तुझ्यापासून लपवणार नाही.

आता मुद्द्याचं. निर्मात्यांना पुढचा भाग हवाय. चष्मेवालीचं पुढे काय झालं असं बाबू विचारतोय. भीड वाटते म्हणून तो स्वतः लिहीत नाही. थोडक्यात कळवलंस तरी चालेल.

तुझीच,
खारू


३० ऑगस्ट
(पोस्टकार्ड)

चि. खारूस,

आशीर्वाद. यापुढे कार्डच पाठवीन. वाटेत कुणीही वाचावं.

बाबू सुखरूप आहे ते चांगलं झालं, हे मनापासून लिहितो. बाकी तू म्हणतेस ते मला पटत नाही, आणि पटवून घ्यायला आता वय उरलं नाही. तिने मला जे लिहिलं ते तुला कळवणार नाही. ते खरं आहे, एवढंच.

पुढच्या भागाचं बाबूने मनानेच लिहावं. सिनेमात त्यांचं लग्न झालंच आहे. आता त्यांचा नुसता संसार दाखव म्हणावं. सकाळी आधी कोण उठतं, वर्तमानपत्र कोणाच्या हातात असतं, रुसवा किती दिवस टिकतो. हसवलं नाही तरी चालेल. मला ते बघायचं आहे. पास पाठवू नकोस, मी तिकीट काढून जाईन.

लोभ होता तेवढा पुरे.

दादा