ताटलीवरची चांदी

पिंपळगाव रेणुकाई,
५ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. संध्यास,
बाबाचा सप्रेम जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र चौथ्या दिवशी मिळालं. पोस्टमन तातेराव गमतीने म्हणाले की कुंभार पिंपळगावातून रेणुकाईच्या पिंपळगावात पत्रं टाकणारी जिल्ह्यात तूच एकटी. डॉक्टरांनी बाळ होईपर्यंत पडून राहायला सांगितलंय हे वाचून जिवाला घोर लागला. फोन केला असता, पण माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. मी हॅलो म्हणतो आणि पलीकडचं सगळं वाऱ्यावर जातं.

आता कामाचं. तुझ्या आईची गळ्यातली चांदीची सरी पेटीतून बाहेर काढली आहे. तू सहा महिन्यांची असताना तिने तुला जत्रेतून वाळे घेतले होते. त्यात चांदी नावाला आणि भेसळ फार. आठ दिवसांत तुझ्या घोट्यांवर हिरवे वळ उठले, फोड आले. ते तिच्या मनाला इतकं लागलं की नातवंडाच्या पायात घालीन तर शुद्ध चांदीच, असं ती शेवटपर्यंत म्हणत होती. तिला जाऊन तीन वर्षं झाली, पण ते काम माझ्याकडे राहिलंय.

सरीही शुद्ध नाही. आपले भोकरदनचे अतिकभाई, सोनारांच्या केरमातीतून सोनं-चांदी वेगळी काढणारे झारेकरी, त्यांनी कसोटीवर घासून सांगितलं की दहात जेमतेम आठ भाग चांदी, बाकी तांबं. सरी देऊन तेवढीच शुद्ध चांदी न्या, असं ते म्हणत होते. मी म्हटलं, मंग ती दुसऱ्या कुणाची तरी चांदी झाली, माझ्या बेबीनंदाची कुठं राहिली? म्हणून घरीच विजेवर शुद्ध करणार आहे. सरीचा एक तुकडा अतिकभाईंनी तेजाबात विरघळवून द्रावण करून दिलंय. बाकीची सरी त्या द्रावणात सोडायची, ती झिजत जाईल, आणि समोरच्या पत्र्यावर नुसती चांदी येऊन बसेल. तांबं पाण्यातच राहील. त्यांच्या पोरीचे, तरन्नुमचे मासे मेले, ती काचेची छोटी टाकी मिळाली. वीज द्यायला माझा जुना बॅटरी एलिमिनेटर आहे.

अडलंय ते एवढ्यावरच, की दोन्ही बाजूंना लावायचं काय. सरी टांगायला तांब्याची तार आणि समोर टॉर्चच्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या, असं मनात आहे. तेहतीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या पुसल्या, पण रसायनशास्त्र शिकवतेस तू. काय ते बराबर लिही. राजानंदरावांना जय भीम सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
तुझा बाबा

•

कुंभार पिंपळगाव,
१३ नोव्हेंबर २०२३

ती. बाबांना,
संध्याचा सविनय जय भीम.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले, मग राजानंदवर उगाचच चिडले. तेजाबाचं काम पडवीत, उघड्यावरच करा. चष्मा आणि हातमोजे नसतील तर मी उठून तिकडे येईन आणि त्याचा दोष तुम्हाला लागेल.

तांब्याची तार बिलकुल नको. सरीच्या आधी तारच विरघळेल आणि तुम्ही जे काढायला बसलाय तेच पाण्यात भरेल. कार्बनच्या कांड्या ठिसूळ असतात, त्यांची पूड चांदीत मिसळेल. चांदी जमवायला चांगलं स्टेनलेस स्टील सगळ्यांत बरं. चांदी त्यावरून सहज खरवडून निघते. मात्र सरी टांगायला स्टील चालायचं नाही, त्या बाजूला तेही झिजतं. आणि बोअरचं पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांनी चांदीचा पांढरा गाळ होतो; बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणा. स्टील शोधायला तर कुठे जायची गरजच नाही, आईची ती नाव घातलेली ताटली आहेच की मांडणीवर.

एक विनवणी आहे. चांदी शुद्ध करा, पण वाळे आत्ता घडवू नका. मागे दोनदा दुपटी शिवून झाली आणि दोनदा घड्या घालून परत ठेवली. तुम्ही असलं काही मानत नाही, मीही वर्गात मानत नाही. पण इथे पडल्या पडल्या मी वर्गातली बाई नसते. बाळ हातात आल्याशिवाय त्याच्यासाठी काहीही तयार असलेलं मला सोसणार नाही.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची संध्या

•

पिंपळगाव रेणुकाई,
२५ नोव्हेंबर २०२३

चि. संध्यास,
जय भीम आणि आशीर्वाद.

वाळ्यांचा शब्द दिला. बाळ आल्यावरच घडवू. तोवर मी फक्त चांदी शुद्ध करतोय, त्यात कुणाचं नाव नाही. तू घाबरतेस याची लाज बाळगू नकोस. मीही घाबरतो, म्हणून तर हाताला काम लावून घेतलंय.

तुझं पत्र यायच्या आधीच मी तांब्याची तार लावून बसलो होतो. दुपारपर्यंत पाणी निळंशार झालं आणि तार तुटून सरी तळाला बसली. वर बोअरचं पाणी घातल्तं, ते ताकासारखं पांढरं झालं. ते सगळं अतिकभाईंना परत दिलं. ते त्यातली चांदी काढून पुन्हा द्रावण करून देणार आहेत, आणि त्यांनी मला जे सुनावलं ते नशिबाने ऐकू आलं नाही. मग भोकरदनच्या बाजारातून नवी स्टीलची थाळी आणली. तेजाबाच्या पातळ पाण्यात रात्रभर ठेवून पाहिली, तर तिच्यावर तांबडे डाग. मग जुन्या स्पीकरचा चुंबक काढून घरातली सगळी भांडी तपासली. चांगल्या स्टीलला चुंबक धरत नाही. आमच्याकडे डबे, फुलपात्रं, झाकण्या, सगळ्यांना टाळी वाजवल्यागत चिकटला.

सरी टांगायलाही काही सुचत नाही. शाळेत ज्योत-परीक्षेची प्लॅटिनमची तार आहे, ती उत्तम. पण तेहतीस वर्षं जी कपाटात मोजून ठेवली ती आता मागायला जाऊ का? तुझ्या कॉलेजातलीही आणायची नाही, आधीच सांगून ठेवतो.

खुशाली कळवत जा.
तुझा बाबा

•

कुंभार पिंपळगाव,
४ डिसेंबर २०२३

ती. बाबांना,
सविनय जय भीम.

प्लॅटिनमची गोष्ट राजानंदला वाचून दाखवली. तो म्हणाला की मी आणणारच होते आणि तुम्ही मला बराबर ओळखून आहात. खरं आहे.

तारेचं उत्तर इथे छताकडे बघता बघता सापडलं. सरीला तार हवीच कशाला? सरी सरळ करा, एक टोक पाण्याच्या वर राहू द्या आणि चिमटा त्या कोरड्या टोकालाच लावा. सरीच सरीला धरील. बाकीचा भाग सुती पिशवीत बुडवा, म्हणजे गाळ चांदीत जायचा नाही.

आता मला सांगा, मी ताटलीचं लिहिलं होतं, तुम्ही घरातल्या झाकण्यांपर्यंत सगळ्यांची नावं घेतलीत आणि ताटलीचा शब्दही नाही. ती चुंबकाला चिकटली का? की हरवली? हरवली असेल तर रागावणार नाही.

परवा तपासणीला जालन्याला नेलं होतं. ठोके चांगले आहेत. मी मोठ्याने विचारलं नाही, डॉक्टरीणबाईंनी आपणहून सांगितलं.

तुमची लाडकी आणि भोचक,
संध्या

•

पिंपळगाव रेणुकाई,
१८ डिसेंबर २०२३

चि. संध्यास,
जय भीम आणि आशीर्वाद.

ठोक्यांची ओळ मी अतिकभाईंनाही दाखवली. सरीच्या टोकाची युक्तीही. त्यांनी तुला बापापेक्षा हुशार ठरवलं.

ताटली हरवली नाही. तिला चुंबक धरत नाही. लग्नात तुझ्या आईच्या मामाने दिलेली, जुन्या काळचं स्टील. पण ती मांडणीवर नसते. मी रोज तिच्यातच जेवतो.

तुझी आई शाळेत गेली नव्हती हे तुला माहीत आहे. तिला तिचं नाव मी पाटीवर शिकवलं असं मी सगळ्यांना सांगत आलो, ते खोटं आहे. ताटलीच्या काठावर ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेल्या बेबीनंदा या अक्षरांवर बोट फिरवून फिरवून ती आपली आपणच शिकली. भांडी घासताना. पहिल्यांदा रेशनच्या दुकानात अंगठ्याऐवजी सही करून आली तेव्हा दिवसभर माझ्याशी बोलताना मानच खाली घेईना.

आणि प्रयोगशाळेचा नियम तुला मीच शिकवला. लहानपणी शाळेतल्या बीकरमधून पाणी प्यायलीस म्हणून मी आयुष्यात एकदाच तुझ्यावर हात उचलला. प्रयोगाला गेलेलं भांडं परत चुलीकडे येत नाही. ताटली टाकीत घातली की तिच्यात माझा घास संपला. म्हणून लिहिलं नव्हतं. दुसरं स्टील मिळेपर्यंत काम थांबवलंय. अतिकभाई भंगारात शोधताहेत.

वेळेवर जेव.
तुझा बाबा

•

कुंभार पिंपळगाव,
२९ डिसेंबर २०२३

ती. बाबांना,
सविनय जय भीम.

मला माफ करा. एका ओळीत ताटली टाकीत घाला म्हणून लिहून मोकळी झाले. तीन वर्षं तुम्ही एकटे कसे जेवता हे मी एकदाही विचारलं नाही, भाजी कोणती केली तेवढंच विचारत राहिले.

ताटलीला हात लावू नका. सरी पेटीत परत ठेवा. बाळाला अतिकभाईंकडची चांदी चालेल, तुम्ही हाताने घातलीत की झालं. आईलाही तुम्ही उपाशी राहिलेलं आवडलं नसतं. हा हट्ट नाही, आज्ञा समजा.

बाळ आता चांगलंच लाथा मारतं. काल वही पोटावर ठेवून हे पत्र लिहायला घेतलं तर वही उडवली.

तुमची,
संध्या

•

पिंपळगाव रेणुकाई,
१९ फेब्रुवारी २०२४

चि. संध्यास,
जय भीम. तुला आणि तुझ्या लेकीला आभाळभर आशीर्वाद.

मी रविवारी येतोच आहे. तरी हे पत्र आधी पाठवतो, कारण समोर बसून मला हे बोलता यायचं नाही, आणि तू जे बोलशील ते मला ऐकू यायचं नाही.

सहा तारखेला राजानंदरावांचा फोन अतिकभाईंना आला. ते गाडीवर भोकरदनहून इथवर आले आणि मला हाका मारण्यात वेळ न घालवता खडूने माझ्या दारावर लिहिलं: मुलगी, दोघी खुशाल. ते अजून पुसलेलं नाही.

त्या दुपारी मी ताटलीत भाकरी कुस्करली, वर वरण घेतलं, सावकाश जेवलो. मग ताटली राखेने घासली, बॅटरीच्या पाण्याने विसळली आणि टाकीत उभी केली, नाव पाण्याखाली. तुझी आज्ञा मोडली. पण खरं सांगतो, ताटली जपून मी तिला जपतोय असं मला वाटत होतं. तिने मात्र माझ्याकडे ताटली जपायला दिली नव्हती, नातीचे पाय दिले होते.

एलिमिनेटर लावून स्टुलावर बसलो. पहिल्या घटकेला काहीच दिसेना. मग काठावर पांढरं काही तरी चमकलं. संध्या, चांदी आधी तिच्या नावावर उगवली. बाकीची ताटली कोरी, आणि ठिपक्या ठिपक्यांनी बे, मग बी, मग नं. तू म्हणशील की कोरलेल्या धारदार कडांवर वीज जास्त ओढली जाते, म्हणून कण तिथे आधी धरतात. बराबर आहे, मलाही ठाऊक आहे. तरी मी स्टुलावर बसून पोटभर रडलो.

आठ दिवस दिवसाची लाईट असेल तेव्हा काम चाललं. सुया सुयांनी चांदी जमली, ती लाकडी पट्टीने खरवडली, धुतली, आणि अतिकभाईंनी कारागिरासमोर ठाण मांडून वाळे घडवून घेतले, दुसरी चांदी मिसळू नये म्हणून. रविवारी घेऊन येतो. सरीचं कोरडं राहिलेलं टोक मी माझ्याकडे ठेवलंय, तेवढं मला असू दे.

नावावरची चांदी मात्र मी खरवडली नाही. वाळे तेवढ्याने हलके भरलेत. मी आता चुंबक चिकटणाऱ्या थाळीत जेवतो. पहिले दोन दिवस घास उतरेना, आता उतरतो.

ताटली तुझ्याकडे घेऊन येतोय. नियम तुला माहीत आहे, तिच्यात काही वाढायचं नाही. भिंतीवर लाव, पण उंच नको, खाली लाव. पोरगी उभी राहायला लागली की तिचा हात पोचेल इतक्या खाली. बोट फिरवू दे तिला.

येतोच आहे.
तुझा बाबा