नऊ नंबरची नळी

४ फेब्रुवारी

झालं! आता निरोगी माणसांवाचून अडलंय. डोक्याला मार लागलेले रोज येताहेत, पण तुलनेसाठी रक्त द्यायला साठीच्या पुढचा एक धडधाकट माणूस मिळेल तर शपथ. मॅडम म्हणाल्या, "घरचे आणा की. मी माझ्या सासऱ्यांना आणलं." आमच्या लॅबची ही जुनी खोड — नात्यातले पकडून आणायचे, बाही वर करून बसवायचे आणि निरोगी म्हणून मोकळं व्हायचं.

६ फेब्रुवारी

आईबाबांना घेऊन गेले. आई सुई बघून तोंड फिरवून बसली. बाबा म्हणाले, "मेंदूची तपासणी ना? सापडला तर कळव हो!" आई खो खो हसली. उंदीरही हसला — माझा लॅबमधला जोडीदार, उंदरांवर काम करतो म्हणून हे नाव, चेहऱ्यावरून नाही.

दोघांचे फॉर्म मीच भरले. डोक्याला मार? नाही, नाही. विसरभोळेपणा? नाही, नाही. भराभर. विचारायचं काय त्यात, घरचीच माणसं!

येताना बाबांनी विचारलं, तुमचं ते प्रोटीन म्हणजे नक्की काय. सांगितलं. मेंदूत ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी असतात, बाकीच्यांचं खाणंपिणं, साफसफाई सगळं त्याच बघतात. त्यांच्या आत हे जीएफएपी असतं, तंबूच्या काठ्यांसारखं, आधाराला. मार लागला किंवा आत काही आजार सुरू झाला की पेशी बिथरतात, प्रोटीन वाढतं, थोडं रक्तात झिरपतं. वरून सगळं ठीक दिसत असतं आणि रक्त चुगली करतं! बाबा कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "आजार आधीच कळतो म्हणजे?" म्हटलं, कधी कधी.

११ फेब्रुवारी

नऊ नंबरच्या नळीत जीएफएपीचा आकडा वर गेलाय. मार लागलेल्यांइतका नाही, पण निरोग्यांच्या पंगतीत बसेल असाही नाही. नळ्यांवर नुसते नंबर, नावं मॅडमच्या कपाटात. गट तेवढा कळतो — साठीच्या पुढचा. त्या गटात आहेत तिघंच — आईबाबा आणि मॅडमचे सासरे.

उंदीर म्हणाला, नळीतलं गोठवलेलं रक्त मध्येच वितळून परत गोठलं असेल, म्हणून आकडा चुकला. दुसरी काढून लावली. परत तेवढाच!

१२ फेब्रुवारी

बाबाच. दुसरं कोण? आजार आधीच कळतो का, हे उगाच विचारलं होय!

१५ फेब्रुवारी

आज दूध करपून पातेलं काळं झालं. घरभर धूर. "अरे, मीच ठेवलं आणि विसरलो," बाबा म्हणाले. परवा दाराला किल्ली तशीच लटकत होती, तेही "मीच". आणि हल्ली आईची पाठ सोडत नाहीत. ती बाजारात निघाली की हे चप्पल घालून तयार. एकटं राहायची भीती वाटत असेल का?

जेवताना परत — "सापडला तर कळव हो!" तिसऱ्यांदा! आणि आई अशी हसली की जणू पहिल्यांदाच ऐकतेय. किती सांभाळून घेते बिचारी. मी ताट अर्धवट टाकलं. उठून गेले.

१८ फेब्रुवारी

मॅडमकडे गेले. नऊ नंबर कोण ते सांगा, बाबाच आहेत ना, म्हटलं. नाही म्हणजे नाही! नियम आहे, नावं उघडायची नाहीत. "आणि एका आकड्यावरून निदान होत नाही हे मी तुला सांगायला हवं?" नको. मीच सगळ्यांना सांगत फिरते.

"तू संशोधक आहेस की पोरगी?" "दोन्ही!" — ओरडलेच मी. त्या जरा नरमल्या. म्हणाल्या, "मग वडिलांना डॉक्टरकडे ने. नळीशी काय भांडतेस?"

घरी येऊन विषय काढला. बाबा उसळले. "मला काय धाड भरलीय?" मीही चढ्या आवाजात बोलले. नको ते बोलले. आई मधे पडली, "अगं, काय झालं काय?" काय सांगू तिला!

१९ फेब्रुवारी

बोलणं बंद.

२० फेब्रुवारी

सकाळी बाबा स्वतःच खोलीत आले. बाही वर करून खुर्चीत बसले. "घे बाई, परत घे. हवं तेवढं घे. पण आईसमोर हा विषय नको." मी सुई काढली. रोजचं काम, आणि शीर सापडेना! तेच म्हणाले, "सावकाश. मी कुठे पळून जातोय."

२२ फेब्रुवारी

आज मशीन बंद. माणूस यायचाय दुरुस्तीला. जीव टांगणीला म्हणतात तो हा. नखं खाऊन संपली. उंदीर म्हणतो, आता बोटं खा.

२३ फेब्रुवारी

कमी! बाबांचा एकदम कमी!! वयाच्या मानाने शोभू नये इतका. नऊ नंबरची उरलेली नळी शेजारीच लावली होती — ती होती तिथेच, वर. म्हणजे नऊ नंबर बाबा नाहीतच. लॅबमध्ये उडीच मारली मी. उंदराला चहा पाजला, वर गालगुच्चाही घेतला. तो म्हणाला, मग नऊ नंबर कोण गं? म्हटलं, मॅडमचे सासरे, दुसरं कोण! बिच्चारे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू — पण फार नाही वाटलं.

बसमध्ये उगाचच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

२४ फेब्रुवारी

काल आई समोरच होती, म्हणून आज सकाळी बाबांना गॅलरीत गाठलं. म्हटलं, तुम्ही ठणठणीत आहात! त्यांनी आत डोकावून बघितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

"माझं मला माहीतच होतं गं," म्हणाले. "तिचं काय आलं?"