वळणावरचे दोन हॉर्न

जांबोटी, ४ ऑगस्ट

चि. ऋतिकाला आजीचा ओंजळभर आशीर्वाद.

तर पहिल्यांदा आला तो हॉर्न, माणसं मागनं. दोनदा वाजला, खालच्या वळणावर. मी तवा ठेवला. तुझा बाप दुधाचा टेम्पो घिऊन यायचा की असाच दोनदा वाजवायचा, दारात पोचेस्तोवर भाकरी फुगलेली असायची. त्याच वळणावर गेला, नऊ वर्षं झाली. हॉर्न काय थांबला न्हाय, आणि माझा तवाबी.

पाव तासानं तुझ्या शर्यतीच्या गाडीकंपनीची माणसं आली. दोघं गोरे आणि पुण्याचा आदर्श. तुम्हीच वाजवला का विचारलं, तर गाडी पुलाकडं चिखलात रुतली, चालत आलो म्हणाले! गोऱ्यांनी ठेचा खाल्ला आणि डोळ्यांतनं धारा. लई हसले मी. हेल्मेट काखेत धरलेला तुझा फोटो दाखवला. बाई, तुझा बापच, माझा महादेवच उभा!

मग त्यांनी विचारलं, पोरगी एवढी जोरात हाकते, मग आंधळ्या वळणाआधी गॅसवरनं पाय का काढते, भित्री हाय का. मी म्हटलं, भित्री कुठली, बापाचा हॉर्न ऐकत असंल. आदर्शनं ते इंग्रजीत सांगितलं आणि त्यांचा घास हातातच ऱ्हायला. काय वावगं बोलले का गं?

हितं फोनला रेंज न्हाय. शेजारची पूर्णिमा खानापुरास्नं या पानाचा फोटो धाडील, तुझं उत्तरबी तीच आणून दील. पोटाला नीट खात जा.

तुझी आजी, रुक्माबाई

फिनलंड, ७ ऑगस्ट

ती. आजीस शि. सा. न.

वावगं नाही, खरंच बोललीस. मला तो ऐकू येतो. गाडीत शेजारी बसून वहीतली वळणं वाचून सांगणारा जोडीदार रस्ता मोकळा आहे म्हणतो, आणि हेल्मेटच्या आत दोन हॉर्न. पाय आपोआप उचलतो. मोठ्या संघात जागा एकच आहे, सोमवारी शेवटची चाचणी. पुन्हा पाय उचलला तर मी घरी.

आजी, तू तवा ठेवतेस तोवर आप्पा येत राहणार. तेवढा सोमवारी ठेवू नकोस. रागाव हवं तर, अबोला मात्र धरू नकोस.

तुझी ऋतू

जांबोटी, १२ ऑगस्ट

चि. ऋतू,

तुझ्यावर रागावते कशाला? सोमवारी वाजला. दोनदा. मी हात मांडीखाली दाबून चुलीपुढं बसले. मग पुन्हा वाजला, अगदी दाराशी. एवढ्या जवळ कधी आला न्हवता. महादेवाला सांगितलं, पोरीला जाऊ दे, तूबी जा. त्यानंतर नुसत्या पागोळ्या.

आज पूर्णिमा आदर्शचा निरोप घिऊन पळत आली. एकदाबी पाय उचलला न्हाईस, जागा तुझीच! गल्लीभर साखर वाटली. भरमूची बायको म्हणाली, म्हातारी नाचायचीच ऱ्हायली. पण बाई, आता वळणं तुझी तूच बघायची. सांगणारा गेला.

घर लई गप हाय. दोन ओळी तरी लिहीत जा, तेवढाच आवाज.

तुझी आजी

ता. क. ती माणसं तुझ्या घराचा फोटो घ्यायला परत येणार हाईत. मी सांगून धाडलंय, खालच्या वळणावर दोनदा वाजवा, मला तवा ठेवायचाय. व्हय म्हणाले. गुरुवारी येतो म्हणालेत.