'उ' लिहिलेली बाटली

मुलुंड, सोमवार, ४ फेब्रुवारी १९८५

आज कामावर रुजू झाले. दहिसरहून रोजची ये-जा जमणार नाही म्हणून कुंदामावशीकडे राहायचं ठरलं. तिने कपाटाचे दोन खण माझ्यासाठी रिकामे करून ठेवलेत. प्रयोगशाळा म्हणजे बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागची शेड, पण काचसामान नवंकोरं आहे. मालक डॉक्टर श्यामकांत. पन्नाशीचे, अगदी हळू बोलणारे. बी.एस्सी. होऊन वर्षभर घरी बसलेल्या मला ते 'उत्तराबाई' म्हणाले, फार बरं वाटलं. चाळीस ससे आहेत. त्यांची निगा खंडू ठेवतो, देवगडकडचा, चाळिशीचा, हसरा. नव्या माणसाचं रक्त तपासावं लागतं म्हणून डॉक्टरांनी माझ्या दंडातून नळीभर रक्त घेतलं.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी संशोधन समजावून सांगितलं. शरीर स्वतःची प्रथिनं ओळखतं, त्यांच्या वाटेला जात नाही. पण प्रथिनाला एखादं रसायन चिकटलं की त्याचं रूप जरासं बदलतं, आणि शरीर त्याला परकं समजून तुटून पडतं. एकदा चवताळलं की मग न बदललेल्या प्रथिनालाही सोडत नाही. माणसांचे सांधे आखडतात, कातडी सोलवटते, त्याचं मूळ इथेच असावं असं त्यांना वाटतं. म्हणून आम्ही सशाचं रक्त काढतो, त्यातल्या प्रथिनाला पिवळी पूड चिकटवतो आणि त्याच सशाला परत टोचतो. ऐकून भारावून गेले. निघताना मला धनुर्वाताची एक सुई दिली. इथे सगळ्यांनाच देतात म्हणे.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

एका सशाचा गुडघा लिंबाएवढा सुजला होता. मी ससा धरला, डॉक्टरांनी चीर दिली. फाटलेल्या दुधासारखं घट्ट काहीतरी ओघळलं, माझ्या मनगटावर. कोमट. वास गोडसर. तीनदा साबण लावला तरी जाईना. मावशीने दहीभात वाढला आणि मला उमासाच आला. डॉक्टर मात्र खूश होते. दुपारी मला धनुर्वाताची दुसरी सुई दिली, पंधरवड्याने घ्यावीच लागते म्हणाले.

बुधवार, २७ फेब्रुवारी

खंडूच्या हातांची कातडी सुटते आहे, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. बोटं सुजून गाजरं झालीत, पेरांतून लस गळते. डॉक्टर म्हणतात साबणाने होतं. आज त्याने दिलेल्या चहावर एक पापुद्रा तरंगताना दिसला. मी कप त्याच्यासमोर मोरीत ओतला.

तो म्हणाला, "माका पण किळस येता, बाय. पण हे हात खंय ठेवू?"

त्याच्या हातचं यापुढे काही घ्यायचं नाही एवढंच ठरवलं. तो कोपऱ्यात गेला आणि हात पाठीमागे धरून उभा राहिला.

सोमवार, ११ मार्च

सकाळी फणी धरवेना. बोटांची पेरं लाल, टणक. दंडावर पुरळ, खाजवलं की ओलं होतं. मावशी म्हणाली, उष्णता झाली असेल. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी औषध नाही दिलं. पट्टी लावून सूज मोजली, वहीत लिहिली. मग तिसरी सुई. मी दंड पुढे केला. का केला?

गुरुवार, १४ मार्च

डॉक्टर बाहेर गेले होते. फ्रिजमध्ये सशांच्या बाटल्यांवर आकडे असतात. मागच्या रांगेत दोन बाटल्यांवर आकडे नव्हते. एकीवर 'खं'. एकीवर 'उ'. पिवळसर पाणी, निम्मं संपलेलं. खाली तारखा, माझ्या सुयांच्या.

संडासात जाऊन ओकले. पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिले.

ते आल्यावर सरळ विचारलं. चिडले नाहीत. म्हणाले, "सशाला कुठे दुखतं ते सांगता येत नाही, उत्तराबाई. तुम्हाला येतं."

माझी बाटली पर्समध्ये टाकली. त्यांनी अडवलं नाही. म्हणाले, न्या, आता सुईची गरज नाही, तुमचं शरीर शिकलं आहे.

खंडूला हाताला धरून बाहेर काढलं. पहिल्यांदा त्या हाताला हात लावला. माझ्या तळव्याला त्याची कातडी चिकटून आली —

सोमवार, १८ मार्च

दवाखान्यात म्हणाले, ॲलर्जी. बाटलीत काय आहे ते त्यांना कळत नाही. पोलीस म्हणाले, दोघांनी लेखी द्या. मी खंडूची तक्रार लिहून काढली. त्याला सही येत नाही. शाई लावून अंगठा टेकवला — नुसता डाग. पुन्हा टेकवला. रेषाच नाहीत. अंगठ्यावर कातडीच उरली नाही. हवालदाराने तोंड फिरवलं, कागद दोन बोटांनी परत केला.

खंडू म्हणाला, "माझो अंगठो मीच खाल्लंय गो."

शुक्रवार, २२ मार्च

खंडूला घरच्यांनी गावी नेलं. त्याचं तोंड उघडत नाही. पाणी चमच्याने —

डॉक्टर मोसंबी घेऊन आले होते. मावशीला माणूस फार सज्जन वाटला. मी ओरडले तर म्हणाली, तापात बडबडतेस. जाताना त्यांनी माझे गुडघे पाहिले. खिशातून पट्टी —

सोमवार, २५ मार्च

मावशीने माझं ताट-वाटी वेगळी केली. उशीवर सकाळी पापुद्रे. माझेच. स्वतःच्या अंगाचा वास सहन होत नाही. आत कोणीतरी मला परकी समजून —

गावाहून तार. खंडू गेला.

गुरुवार

मावशी माझी तक्रार लिहून देणार नाही म्हणते. मग मीच. पेन्सिल दोन तळव्यांत धरून. आज पुरी करायचीच —

मी, उत्तरा नंदकिशोर सबनीस, वय बावीस, राहणार मुलुंड, लिहून देते की माझ्या संमतीशिवाय माझंच रक्त