नाकाची सावली

मंगळवार, दिवेलागण

गणपतीपुळ्याला पर्यटकांचे फोटो काढून हे कंटाळले म्हणून ह्यांनी घरात स्टुडिओचा फ्लॅश आणला, तेव्हापासून रोज संध्याकाळी उजेड जमवायला मी स्टुलावर. फ्लॅशची छत्री कधी डावीकडे, कधी उजवीकडे. डोळ्यांपुढे अजून हिरवे ठिपके नाचतायत. आज मुद्दाम मोरपंखी साडी नेसले. दिसली का ह्यांना? दिसली, "काठ चमकतोय, पदर आत घे" म्हणण्यापुरती.

शेवटी म्हटलं, यातला एखादा बरा फोटो मला पाठवा.

"सगळे पुसले. टेस्टचे फोटो कोण ठेवतं? मी नाकाची सावली कुठे पडते ते बघत होतो."

नाकाची सावली. नाक कोणाचं, ते काही बघितलं नाही.

उद्या त्या स्टुलावर शेंडीचा नारळ ठेवते. किती फोटो काढल्यावर ह्यांच्या लक्षात येतं, बघूच.