कुसुमआत्या आणि नवरीचा कडा

९ नोव्हें., रवि.
शाळेतल्या बायकांबरोबर नवरीच्या कड्यावर. मंचरला राहून इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच गेले. खाचरांतली भातं कापून झालेली, खाली कोकण निळंशार. गाइडने गोष्ट सांगितली: पेशवाईतली नवरी, सासरी जायचं नव्हतं, शालूसकट उडी घेतली. काठावर शेंदूर फासलेला दगड, बांगड्यांचा ढीग. सगळ्यांनी नमस्कार केला. मीही.

मग चहा. टपरीवाली हौसाबाई, सत्तरीची, तिथल्याच वाडीतली. म्हणाली, "पेशवाई कसली! माज्या डोळ्याम्होरची गोष्ट. माजं नवं लगीन झाल्यालं तवा. पोर निमगाव साव्याची व्हती."
माझं माहेर तेच, मी सहज बोलले.
"कुनाची तू?"
आबांचं नाव सांगितलं. तिने किटली खाली ठेवली. "जा बाय आता. ऊन चढंल."
नोव्हेंबरात?

१० नोव्हें., सोम.
आबांना फोन. कांद्याची लागण, गुडघा वगैरे. मग कड्यावर गेल्याचं सांगितलं.
"तिकडं कशाला गेली व्हतीस?" आणि फोन बंद. 'जेवलीस का' विचारल्याशिवाय आबांनी आजवर फोन ठेवलेला नाही.

कुसुमआत्या. आबांची धाकटी बहीण. मी सहा वर्षांची असताना गेली. लोणीत दिली होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ताप आला, नारायणगावच्या दवाखान्यात वारली, एवढंच घरात सांगायचे.
हे म्हणाले, "निमगावात काय एकच पोरगी होती?" बरोबर आहे. पण फोन का ठेवला?

१३ नोव्हें.
वह्या तपासताना एकदम आठवलं. पितरांच्या दिवशी आबा सगळ्यांची नावं घेतात. आजी, आजोबा, तान्हेपणी गेलेला काकासुद्धा. आत्याचं नाव कधीच नाही. भिंतीवर फोटोही नाही.
झोप नीट लागत नाही.

१६ नोव्हें., रवि.
निमगाव. आबा वाफ्याच्या बांधावर. सरळ विचारलं.
"तापानं गेली."
"कुठल्या दवाखान्यात?"
"जुन्नरला."
मी म्हटलं, नारायणगाव सांगत होतात. आबा रोपांच्या जुड्या मोजायला लागले. मोजून झालेल्या पुन्हा मोजल्या.

निघताना वहिनी गाडीपर्यंत आली. दर श्रावणात आबा एकटे एसटीने पश्चिमेला जातात म्हणे. देवाला. कुठल्या देवाला ते सांगत नाहीत, कुणाला बरोबर नेत नाहीत. पिशवीत नवी साडी असते.
"मी काय बोलले न्हाई हं ताई."

साडी कुणाला? आणि आपल्या बापाबद्दल असलं मनात येतं तरी कसं. येतंय मात्र.

२३ नोव्हें., रवि.
यांना शाळेत काम आहे सांगितलं आणि कड्यावर गेले. हौसाबाई माझी वाटच बघत असल्यासारखी. आधी टाळाटाळ. मग बोलली.

श्रावण होता, दाट धुकं. ती पाणी आणायला निघालेली. काठावर एक बाप्या, धोतर-टोपीतला, पाठमोरा. रडत होता. दगडावर बाईची पायताणं नीट जोडून ठेवली, शेजारी शालू. मग गेला. गावाने शोधलं, पोलीस आले. खाली काही मिळालं नाही. पुढे लोक बांगड्या वाहायला लागले.
"पोर होती त्याच्याबरोबर?"
"धुकं व्हतं बाय. खोटं कशाला बोलू?"
"तोच दर श्रावणात येतो?"
"येतो. साडी ठिवतो. म्हनतो, कुनी आलं तर दे."
"कुणी येतं?"
ती कप विसळत राहिली. अंगावरची साडी चांगली होती, टपरीवर नेसायची नव्हे.

कड्याच्या उजव्या अंगाला एक नाळ आहे. दगडी पायऱ्यांची, थेट कोकणात उतरते. डोक्यावर भारे घेऊन दोन बायका त्यातून वर आल्या. म्हणजे माणूस उतरू शकतो. किंवा उतरला असं म्हणता येतं.

२५ नोव्हें.
आईची धाकटी बहीण आळे गावात असते, तिला फोन केला. ती म्हणाली, कुसुम नागपंचमीला आली तेव्हा पाठीवर वळ होते. आजोबा म्हणाले, नांदायचं तर तिथंच. आबांना पोहोचवायला पाठवलं. बहीणभाऊ पहाटे निघाले, आबा तिसऱ्या दिवशी एकटेच परतले.
पण लोणी पूर्वेला. कडा पश्चिमेला. सासरी पोहोचवायला निघालेली माणसं कड्यावर कशी पोहोचली?
तिला वाचवायचं होतं म्हणून? की घराची अब्रू?
दोन्ही बसतं. हेच सहन होत नाही.

३० नोव्हें., रवि.
निमगाव. आबा ओट्यावर उन्हात बसलेले. हौसाबाईने सांगितलेलं सगळं सांगितलं. पायताणं, शालू, साड्या. अडवलं नाही, नाही म्हणाले नाहीत. ऐंशीचे आहेत. हात मांडीवर, दोन्ही तळवे वर.
म्हणाले, "तुला काय वाटतं? काय केलं असंल मी?"
'काही वाईट केलं नसेल' एवढं म्हणायचं होतं. तोंडातून आलं नाही आणि ते त्यांना कळलं. डोळे पुसले, टोपी सारखी केली.
"शनिवारी गाडी घेऊन ये. कड्यावर जाऊ. एकटी ये."
"तिथं काय आहे आबा?"
"आल्यावर बघ."

हो म्हणून आले. वाटेत दोनदा गाडी थांबवली. घरी आल्यावर हे विचारत होते, काय म्हणाले आबा? म्हटलं, कांद्याला पाणी कमी पडतंय.
यांना खरं का सांगितलं नाही, ते मलाही नीट माहीत नाही.